दुबईला एका पायावर

कोल्हापुरात पाय मोडला की दुखणं नंतर, आधी खुलासा. कुस्तीत मोडला असेल तर समोरचा तुमच्या प्लास्टरलाच नमस्कार करतो. फुटबॉल खेळताना मोडला असेल तर निदान चहाचे पैसे कुणी घेत नाही. माझा पाय फुटबॉल बघताना मोडला.

शाहू स्टेडियमवर सामना होता. कुठल्या दोन संघांचा ते लिहीत नाही, कारण मला याच गावात राहायचंय. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की इथले संघ पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं कानावर पडली की एरवी बँकेत शांतपणे व्याज मोजणारा माणूस शर्टाची बटणं काढून गॅलरीत उभा राहतो. मीही उभा होतो. शेवटच्या मिनिटांत आमच्या पोरानं बॉल जाळ्यात घातला आणि मी उडी मारली. उडी मारली तेव्हा पायाखाली पायरी होती. उतरलो तेव्हा ती तिथं नव्हती. होती ती शेंगांची टरफलं. घोट्यात कट्कन आवाज झाला आणि नेमका त्याच वेळी लाइनमननं झेंडा वर केला. ऑफसाइड. गोल नाकारला गेला, फ्रॅक्चर तेवढं ग्राह्य धरलं गेलं.

एक्स-रेमध्ये घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड तडकलेलं दिसलं. सरकलं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन टळलं. गुडघ्याखाली फायबरचं प्लास्टर, सहा आठवडे, त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. डॉक्टर निघताना म्हणाले, "आत खाज सुटेल. काय वाट्टेल ते झालं तरी आत काही घालायचं नाही. पट्टी नाही, पेन नाही, सुई नाही." मी समजूतदारपणे मान डोलावली. माझी मान फार चांगली डोलते. त्या जोरावर मी आजवर नोकरी टिकवली आहे.

घरी आल्यावर आठवलं, की पुढच्या आठवड्यात आपण दुबईला चाललोय.

दुबईत आमचा दोस्त राहतो. शाळेपासूनचा. गेली कित्येक वर्षं तो "ये की रं एकदा" म्हणत होता आणि मी "येतो की" म्हणत होतो, आणि असं चालू राहण्यात दोघांचीही सोय होती. यंदा कुणास ठाऊक काय झालं, मी तिकीट काढून बसलो. स्वस्तातलं. स्वस्त तिकिटाचा अर्थ असा, की तुम्ही नाही गेलात तरी तुमचे पैसे जातात. व्हिसाही येऊन पडला होता. घरात बैठक बसली. बायकोचं म्हणणं, जाऊ नये. आईचं म्हणणं, जाऊ नये. शेजारचे अण्णा म्हणाले, "हाड काय, दीड महिन्यात जुळतंय. तिकिटाचं पैसं कधी जुळायचं?" हा युक्तिवाद घरातल्या सगळ्यांना पटला, ही आमच्या घराची खरी ओळख.

डॉक्टरांनीही हो म्हटलं. प्लास्टर अगदी ताजं असेल, तर पहिले दोन दिवस बऱ्याच विमान कंपन्या ते उभं चिरून आणायला सांगतात. वर गेल्यावर पाय सुजला तर आत जागा उरत नाही. माझं तोवर शिळं होणार होतं. कडेची सीट घ्या, पायाची बोटं हलवत राहा, पाणी प्या, म्हणाले, आणि विमानप्रवास करायला हरकत नाही अशी चिठ्ठी दिली. बायकोनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. डॉक्टर असं कसं लिहू शकतात, याचा तिला आजवर उलगडा झालेला नाही.

मधल्या दिवसांत गल्लीनं मला बरा करायचा विडा उचलला. एकानं हाडवैद्याचा पत्ता दिला. दुसऱ्यानं तो हाडवैद्य कसा चुकीचा आहे हे सांगून दुसऱ्याचा दिला. आईनं दोन्ही वेळेला पाया सूप सुरू केलं. आठवड्यात इतक्या बकऱ्यांचे पाय माझ्या पोटात गेले, की त्या मानानं माझा एक पाय जुळणं ही फारच किरकोळ भरपाई वाटावी.

कुबड्या भाड्यानं आणल्या. अनामत वेगळी. कुबड्यांवर चालणं म्हणजे त्या काखेत धरून लोंबकळणं, असा माझा सिनेमे बघून झालेला समज होता. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं तो काढून टाकला. भार तळहातांवर घ्यायचा. कुबडीची गादी आणि काख यांच्यात दोन-तीन बोटं जागा ठेवायची. काखेवर रेलून चाललं तर तिथली नस दाबली जाते आणि मनगट लुळं पडतं, म्हणजे पायावरचा गुन्हा हातावर. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी मोडका पाय खाली. "आणि चांगल्या पायात रबरी तळाचा बूट घाला," ती म्हणाली. मी मान डोलावली.

कुबड्यांवरच्या माणसाचं खरं दु:ख मात्र कुणीच सांगत नाही. ते चहाचं. चहा करता येतो. ओट्याला टेकून, एका पायावर उभं राहून, आलं किसून, साखर बेतानं घालून उत्तम चहा करता येतो. कपात गाळताही येतो. मग तो कप खुर्चीपर्यंत न्यायचा कसा? दोन्ही हात कुबड्यांना. मी एकदा कप पुढं सरकवायचा, मग आपण सरकायचं, असं करत ओट्याच्या टोकापर्यंत गेलो. ओटा संपला. खुर्ची दारापाशी दिसत होती. शेवटी तिथंच उभ्यानं प्यायलो.

आता सामान. दोस्ताची यादी आली: कापशी चप्पल, करकर वाजणारी, गूळ, भडंग, आणि आईच्या हातची कांदा-लसूण चटणी. या शेवटच्या ओळीखाली त्यानं तीन रेघा मारल्या होत्या. तसं दुबईत काय मिळत नाही? मूळच्या विदर्भातल्या धनंजय दातारांची 'अल आदिल' दुकानं आहेत. थालीपीठाच्या भाजणीपासून सगळं मिळतं. पण माझ्या आईच्या हातची चटणी तिथंही मिळत नाही, आणि दोस्त दहावीत आमच्याकडे अभ्यासाला यायचा तो त्या चटणीसाठीच, हे त्याचे मार्क बघून कुणालाही कळलं असतं.

यादीच्या तळाला लाल अक्षरात होतं: खसखस आणू नकोस. हे त्याचं बरोबर होतं. अमिरातीत खसखशीला बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातून निघते, आणि तिथल्या कायद्याला आपल्या पांढऱ्या रश्शाशी काही देणंघेणं नाही. चिमूटभर दाण्यांपायी अडकलेल्या माणसांच्या बातम्या मी वाचल्या होत्या. हे वाचता वाचता आणखी कळलं, की डॉक्टरांनी जास्त दुखलं तर म्हणून दिलेल्या गोळ्यांतलं ट्रामाडॉलही तिथं नियंत्रित औषध आहे. न्यायचं तर त्यांच्या आरोग्य खात्याची आधी परवानगी काढावी लागते. गोळ्या काढून ठेवल्या आणि साधी पॅरासिटामॉल घेतली. आईला विचारलं, "चटणीत खसखस आहे काय?"

"चटणीत कुणी खसखस घालतंय व्हय?" आई म्हणाली.

मी निश्चिंत झालो.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गुरुवारी रात्री निघालो. आमच्या विमानतळावरून परदेशी विमान सुटत नाही. राजाराम महाराजांनी १९३९ साली उजळाईवाडीला धावपट्टी करून ठेवली, पण तिथून थेट दुबईला जाण्याइतकी घाई अजून कुणाला झालेली नाही. डब्यात चढवायला सहाजण आले. हे सहाही जण वेगवेगळ्या दिशांना ओढत होते. शेवटी हमालानं सगळ्यांना बाजूला केलं, मला दारात पाठमोरं बसवलं आणि "आता मागं सरका" म्हणाला. फिजिओथेरपीत हीच युक्ती शिकवतात, हे मला नंतर कळलं. त्याला कुणी शिकवली असेल?

मिरज सोडलं आणि आईचा फोन आला. जेवलास काय, पाय उंच ठेवलायस काय, हे झाल्यावर म्हणाली, "आणि ती खसखस म्हणत होतास न्हवं, ती चटणीत नसतीयाच. मसाल्यात घालतो आम्ही, जराशी."

"आणि चटणीत मसाला?"

"मसाल्याशिवाय चटणी कशी व्हईल?"

रात्रभर मी त्या पिशवीकडे बघत होतो. वाटेत कुठं तरी ती खिडकीतून सोडावी असा विचार येऊन गेला. पण आईच्या हातची चटणी खिडकीतून टाकण्याइतका मी अजून सुधारलेलो नाही. मुंबईत टॅक्सी मिळाली. ड्रायव्हर पाटण तालुक्यातला निघाला. विमानतळावर उतरताना मी पिशवी त्याच्या हातात ठेवली आणि सगळी हकिकत सांगितली. त्यानं गाठ सोडून वास घेतला. डोळे मिटले. मग त्यानं माझ्याकडून भाडं घ्यायचं नाकारलं. दोस्तासाठी घेतलेल्या चटणीच्या मोबदल्यात मी फुकट टॅक्सीतून आलो, हा हिशेब अजून मिटलेला नाही.

विमानतळावर व्हीलचेअर सांगितली होती. सांगताना लाज वाटत होती; कोल्हापूरचा गडी, आणि चाकांवर? पण आत गेलो आणि लाज पार पळाली, कारण व्हीलचेअरची रांग साध्या रांगेपेक्षा मोठी होती. आजोबा, आजी, मावश्या. त्यांतल्या एक मावशी वाटेत दुकान दिसताच टुणकन उठल्या, चॉकलेटं घेऊन आल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. माझ्या प्लास्टरकडे त्या बराच वेळ संशयानं बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "तुमचं खरंच मोडलंय?" मी हो म्हटलं. "अरेरे," त्या म्हणाल्या. त्यांचा जरा विरस झाला असावा.

सुरक्षा तपासणीत कुबड्या मशीनमधून गेल्या आणि मी मधोमध एका पायावर उरलो. जवान सज्जन होता. त्यानं खांदा दिला. चांगल्या पायातली चप्पलही तपासायला गेली. हो, चप्पलच. रबरी तळाचा बूट मी घातला नव्हता. आपली चप्पल २०१९ पासून भौगोलिक मानांकनाची, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांची, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तिच्याचसारखी चप्पल दाखवल्यापासून तर परदेशी जाताना बूट घालणं हा फितुरीचा प्रकार वाटत होता. एका पायापुरता का होईना, अभिमान अभिमान असतो.

विमानात टेक-ऑफच्या आधी कुबड्या काढून घेतात आणि वर आत कुठं तरी ठेवतात. मग तुम्ही आणि तुमचं मूत्राशय. एवढं सांगून हा भाग संपवतो.

दुबईच्या घड्याळात आपल्यापेक्षा दीड तास कमी असतो. २०२२ पासून तिथं शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार पूर्ण सुट्टी, त्यामुळे दोस्त दुपारीच मोकळा होऊन विमानतळावर उभा होता. इतक्या वर्षांनी भेट. मी खुर्चीत, पाय आडवा, सोबतीला गोणीभर कागदपत्रं. तो धावत आला, मिठी मारली, पिशव्या चाचपल्या.

"चटणी?"

मी हकिकत सांगितली. तो खुर्चीच्या दांडीला धरून उभाच राहिला.

"टॅक्सीवाल्याला?"

"भावा, आधी पाय बघ की माझा."

"पाय मोडला ते चालंल रं. चटणी दिलीस कशी तू?"

करामातल्या त्याच्या घरापर्यंत तो फारसा बोलला नाही. घरापाशी आल्यावर मात्र बोलावंच लागलं, कारण लिफ्टवर कागद चिकटवलेला होता. दुरुस्ती चालू आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. याच शहरात जगातली सगळ्यात उंच इमारत आहे, आणि मी तिच्यापासून काही किलोमीटरवर एका जिन्याकडे बघत उभा होतो. चांगला पाय आधी वर, हा धडा मी सुरू केला. पाच पायऱ्यांनंतर चांगला पायही वाईट झाला. मग पेशावरकडचा एक शेजारी खाली आला. टॅक्सी चालवायचा, अंगानं भरभक्कम. त्यानं आणि दोस्तानं एकमेकांची मनगटं धरली, मला त्यावर बसवलं आणि पालखी निघाली. पहिल्या वळणावर दोस्ताला राहवलं नाही, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" तो ओरडला. शेजाऱ्याला अर्थ ठाऊक नव्हता, पण पुढच्या वळणावर त्यानंही "चांगभलं" म्हटलं, आणि खणखणीत म्हटलं. दारं उघडली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला बघायला दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. गुलाल तेवढा नव्हता.

घरात दोस्ताची आई होती. काकू दर हिवाळ्यात लेकाकडे येतात आणि सगळा हिवाळा क्रोशाचं विणत बसतात. त्यांनी माझी दृष्ट काढली, मला सोफ्यावर बसवलं आणि रात्री तांबडा-पांढरा केला. पांढऱ्यात खसखशीच्या जागी काजू आणि तीळ. मी वाटी तोंडाला लावली. "कसा झालाय?" काकूंनी विचारलं. चांगला झाला होता. पांढरा रस्सा नव्हता, पण चांगला झाला होता. मी मान डोलावली.

शनिवारी दुबई दर्शन. पालखी खाली उतरली. शेजाऱ्याला बहुधा आवडू लागलं होतं. तो खालीच थांबला होता. दोस्तानं कुठून तरी एक व्हीलचेअर पैदा केली होती. मेट्रोनं गेलो. ही मेट्रो २००९ च्या नवव्या महिन्याच्या नऊ तारखेला, नऊ वाजून नऊ मिनिटं नऊ सेकंदांनी सुरू केली होती. मुहूर्त बघणारा कुणी तरी आपल्याकडचा असणार अशी मला शंका आहे. तिला ड्रायव्हर नाही. स्टेशनात कुठंही पायरी चढावी लागली नाही. फलाटावरून खुर्ची सरळ डब्यात. मी भडंगाचा पुडा काढला तसा दोस्तानं तो हिसकावून घेतला. मेट्रोत खाल्लं तर शंभर दिरहॅम दंड. शंभर दिरहॅमचं भडंग म्हणजे जयसिंगपुरातलं एखादं दुकान.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर. लिफ्ट १२४ व्या मजल्यावर मिनिटभरात नेते, कान तेवढे दडपतात. आदल्या रात्री मला तिसऱ्या मजल्यावर चढायला दोन देशांची माणसं लागली होती. वर काचेतून वाळू दिसली, समुद्र दिसला, खाली काडेपेट्यांएवढ्या मोटारी दिसल्या. दोस्त बोट दाखवून सांगत होता, "करामा तिकडं." मी डोळे ताणून बघितलं. लिफ्ट सुरू झाली की नाही ते इतक्या लांबून कळेना.

मग दुबई मॉल. इथं मी खुर्चीतून उठलो. का उठलो? कारण समोरून एक मराठी कुटुंब येत होतं. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं, "कोल्हापूरचे काय?" विचारलं, आणि मला खुर्चीत बसून हो म्हणवेना. उभा राहिलो, कुबड्या घेतल्या. खाली आरशागत संगमरवर. पायात चामड्याचा तळ. समोर तो प्रचंड मत्स्यालयाचा हौद, एक कोटी लिटर पाण्याचा. मी दिमाखात एक पाऊल टाकलं. चप्पल पुढं गेली, मी गेलो नाही. कुबड्या दोन बाजूंना गेल्या. मी हौदाच्या काचेवर दोन्ही तळहात टेकून अडकलो, नाक काचेला. पलीकडून एक शार्क आला, माझ्यासमोर क्षणभर थांबल्यासारखा वाटला, आणि निघून गेला. त्यालाही माझ्यात काही राम दिसला नसावा. त्या कुटुंबातल्या लहान मुलानं विचारलं, "बाबा, हे काका काय करतायत?" बाबा म्हणाले, "मासे बघतायत."

रविवारी मी जाहीर केलं, मी आज इथून हलणार नाही. खरं तर मी दोस्ताला भेटायला आलो होतो, उंच इमारतींना नव्हे. पण पाहुण्याला घरी बसवणं म्हणजे त्याचा अपमान, अशी आमच्याकडची रीत, त्यामुळे दोस्त तासाभराच्या अंतरानं वाळवंट, अबरा, सोन्याचा बाजार असं एकेक सुचवत होता. शेवटी तो थकला, बाजूला बसला, आणि आम्ही शाळेतल्या मास्तरांपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत आम्ही अजून नववीतच होतो.

आणि तेव्हा खाज सुटली. प्लास्टरच्या आत, पोटरीच्या मागं, जिथं बोट पोचत नाही नेमकं तिथं. बोटं हलवली. प्लास्टरवर टिचक्या मारल्या. दोस्त अंघोळीला गेला होता, काकू स्वयंपाकघरात. सोफ्यावर त्यांचं विणकाम पडलं होतं, अर्धवट तोरण, आणि त्यात क्रोशाची सुई. बारीक, स्टीलची, टोकाला इवलासा आकडा. डॉक्टरांचे शब्द मला लख्ख आठवले: पट्टी नाही, पेन नाही, सुई नाही. मी टाके अलगद सोडवले, सुई मागून आत घातली. काय सांगू! बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावर जे मिळालं नाही ते मिळालं. डोळे मिटले. तेवढ्यात काकूंच्या पावलांचा आवाज आला, हात दचकला, आणि सुई सुळकन आत गेली. पूर्ण.

"माझी सुई बघितलीस काय रे?" काकू.

"नाही काकू."

यापुढची दुपार आठवली की अजून घाम फुटतो. सोफ्याच्या गाद्या काढल्या गेल्या. गालिचा झटकला. दुसरीत शिकणाऱ्या नातीवर आळ आला, ती रडली. मी तिला जवळ घेतलं आणि भरपाई म्हणून पाय तिच्या हवाली केला: प्लास्टर रंगव. तिच्याकडं सोनेरी मार्कर होता. तिनं गुडघ्यापासून बोटांपर्यंत, पुढून मागून, एक तसू पांढरा ठेवला नाही. काकू मधूनमधून येऊन माझ्याकडं बघायच्या, "कुठं गेली असेल बाई," म्हणायच्या आणि जायच्या. मीही "कुठं गेली असेल" म्हणायचो.

सोमवारी पहाटे शेवटची पालखी उतरली. दोस्तानं माझ्याबरोबर दूध पावडरचे डबे, खजूर, टँग, अत्तरं आणि नातेवाइकांसाठी आणखी कायकाय दिलं. चाकाच्या खुर्चीला हमाली लागत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. अर्धं सामान माझ्या मांडीवर होतं. विमानतळावर त्यानं पुन्हा मिठी मारली आणि कानात म्हणाला, "पुढच्या वेळी चटणी. बिनखसखशीची."

मुंबईला उतरलो. आता हे डोळ्यांसमोर आणा. दुबईचं विमान. व्हीलचेअर. त्यात एक माणूस, घामेजलेला, नजर चोरणारा. आणि त्याचा एक पाय गुडघ्याखाली संपूर्ण सोन्याचा.

मला बाजूला घेणारे साहेब अत्यंत सभ्य होते. त्यांचंही बरोबरच होतं. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला वीस ग्रॅम दागिने करमुक्त, बाईला चाळीस. मी शनिवार-रविवार राहून आलेला. २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयातशुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आलं, तरी आणणारे पट्ट्यात, बुटात, पोटात घालून आणतातच. साहेबांनी प्लास्टरवर बोटानं टकटक केलं.

"आत काय आहे?"

"पाय."

"आणखी?"

इथं मी थांबलो. थांबायला नको होतं. साहेबांनी एका मॅडमना बोलावलं. त्या खाली वाकल्या, प्लास्टरच्या मागच्या कडेपाशी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा धागा कसला?"

धागा? मला पाय मागून दिसत नव्हता. मॅडमनी चिमटीत धरून ओढला. सोनेरी रंगाचा धागा आला, वीतभर. मग पांढरा. मग पांढराच. त्या ओढत होत्या आणि धागा येत होता. आजूबाजूला माणसं गोळा झाली. कुबडीवाल्या कुणाच्या पायातून एवढा दोरा निघताना त्यांनी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हता. हातभर झाल्यावर शेवटी आकडा दिसला आणि सुई बाहेर आली. मॅडमनी ती उजेडात धरली. "क्रोशाची आहे," त्या साहेबांना म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तोरण होतं की रुमाल?"

"तोरण," मी म्हणालो.

त्यांनी धागा सुईवर नीट गुंडाळला आणि माझ्या खिशात ठेवला. साहेबांनी दूध पावडरचे डबे तेवढे उघडायला लावले.

बाहेर आल्याआल्या दोस्ताला फोन केला. म्हटलं, काकूंना सुईचं कळता कामा नये, मी कुणाबरोबर तरी गुपचूप पाठवून देतो. पलीकडं दोस्त हसत होता.

"आई म्हणतीय, मिळाली काय सुई?"

"त्यांना कसं कळलं?"

"काल दुपारपासनं दोरा लोंबत हुता की रं मागं. पोरीनं त्यालासुद्धा रंग दिला. आई सारखी यायची, म्हणायची, आता सांगंल, मग सांगंल." मागून काकूंचा आवाज आला. दोस्त ऐकून घेऊन म्हणाला, "आई म्हणतीय, तोरणाची एक बाजू सगळी उसवली, ती भरून द्यायला परत ये म्हणावं."